अर्धं बांधणारे साडूभाऊ

उद्याचा भाव आज न ठरवता, उघडा टाकून खुशाल झोपणारी माणसं जगात कोट्यवधी असतील. पण कुठला तरी भाव अजून उघडा आहे, या एका विचाराने ज्याला आमटीची चव लागत नाही, असा गृहस्थ परमेश्वराने एकच घडवला आणि तो नेमका माझा साडू केला. आमचे साडूभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका उंच इमारतीत नोकरीला होते आणि तिथेच शेजारच्या टॉवरात राहत. त्यांची कंपनी धान्य, तेल, साखर असल्या वस्तूंचा जहाजाजहाजाने व्यापार करी, आणि उद्या भाव पडला किंवा चढला तर आज काय करून ठेवायचं, एवढंच साडूभाऊंच्या खात्याचं काम. इतर माणसं घरी आली की बुटांबरोबर ऑफिसही दाराशी काढून ठेवतात. साडूभाऊ बूट काढत, ऑफिस मात्र घालूनच स्वयंपाकघरापर्यंत जात आणि ताईंना विचारत, "कांदा किती दिवसांचा आहे?"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: अर्धं बांधायचं, अर्धं मोकळं सोडायचं. कुठलीही वस्तू घ्यायची असो की विकायची, निम्मीचा भाव आजच ठरवून टाकायचा आणि निम्मी नशिबावर सोडायची. "मग भाव वर जाऊ दे नाही तर खाली," ते म्हणत, "घरातलं एक अर्धं नेहमी हसत असतं." दुसरं अर्धं त्या वेळी काय करत असतं, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते विम्याचा हप्ता भरत असतं." आणि एवढ्या समाधानाने म्हणाले की पुढचा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला.

हापूसचीच गोष्ट घ्या. शारजाच्या फळबाजारात एक मलबारी फळवाला आहे. जानेवारीत, आंब्याला अजून नीट मोहोरही धरलेला नसताना, साडूभाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहत आणि मेमधल्या दहा पेट्यांपैकी पाच पेट्यांचा भाव मागत. तो बिचारा हात जोडायचा. "साब, आम अभी पेड पे भी नहीं आया. मैं क्या रेट बोलेगा?" साडूभाऊ म्हणायचे, "आम नहीं आया, इसीलिए रेट बोल. आने के बाद तो कोई भी बोलेगा." शेवटी पेटीला ऐंशी दिरहॅम, म्हणजे अठराशे रुपयांच्या वर, असा काहीतरी भाव ठरे. एका वर्षी आंबा अमाप आला आणि मेमध्ये तीच पेटी पन्नासला मिळू लागली. फळवाल्याला वाटलं, आता साब येत नाहीत. साब आले, पाच पेट्या ऐंशीने घेतल्या, पाच पन्नासने घेतल्या आणि त्याला वर शुभेच्छा देऊन आले. ताई तीन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. साडूभाऊ शांतपणे आंबा पिळत म्हणाले, "घराचा विमा उतरवला आणि वर्षभरात घर जळलं नाही, म्हणून कुणी रडत बसतं का? मी पैसे घालवले नाहीत, जानेवारी ते मे अशी पाच महिन्यांची झोप विकत घेतली." झोप हा त्यांच्या अर्थशास्त्रातला सर्वात महाग माल होता, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचंच काम आहे.

पेट्रोलचा भाव इकडे महिन्याच्या महिन्याला बदलतो. तेव्हा साडूभाऊंची टाकी कधी पूर्ण भरलेली कुणी पाहिली नाही. एकदा खलिफा सिटीतल्या एका स्नेह्यांकडे मुंजीला जाताना अबूधाबीच्या अलीकडे गाडीने मान टाकली. आम्ही मागून आमच्या गाडीत होतो. भर उन्हात, सोवळं-उपरणं पिशवीत घेऊन हे गृहस्थ रस्त्याकडेला उभे आणि मदतीला आलेल्या पठाण ड्रायव्हरला समजावून सांगतायत की परवा एक तारीख आहे आणि भाव उतरायची दाट शक्यता आहे. पठाणाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यल्ला, बैठो." विमानाच्या तिकिटांचं तर विचारूच नका. दिवाळीला गावी जायची चार तिकिटं. त्यातली दोन ते जानेवारीत काढत आणि दोन सप्टेंबरात. त्यामुळे ताई आणि थोरली मुलगी एका विमानात आणि हे स्वतः धाकटीला घेऊन दुसऱ्यात, अशी ही वरात वर्षानुवर्षं मुंबईला उतरत आली. एकदा विमानतळावर बायकोला बघताक्षणी त्यांनी लांबूनच आरोळी ठोकली, "तुमच्यापेक्षा आम्ही तीनशेने महाग पडलो! तीनशे दिरहॅम! सात हजार रुपये!" आनंद अशासाठी की ताईंचं अर्धं हसत होतं. धाकटी त्यांचा हात सोडून आईकडे पळाली आणि म्हणाली, "बाबा, वी आर अ फॅमिली, नॉट अ पोर्टफोलिओ!" साडूभाऊंनी त्यावर विचार केला असावा, कारण पुढच्या वर्षी जोड्या बदलल्या.

सरकारने शुक्रवारी ऑफिसांना अर्धी सुट्टी दिली, तेव्हा त्यांना आपलं तत्त्व एका अख्ख्या देशाने मान्य केल्याचा आनंद झाला होता. ताई म्हणत, "लग्नाला होकारसुद्धा यांनी अर्धाच दिला होता. पत्रिका जुळतेय, बाकीचं बघू, म्हणाले. ते बाकीचं अजून बघतायत."

आता हे सगळं मी मजेने सांगतो आहे, पण आज मी या देशात ज्या खुर्चीत बसून सांगतो आहे ती खुर्ची त्या माणसामुळे माझ्या बुडाखाली आहे. ते कसं, ते ऐका.

मी एका केटरिंग कंपनीत मांस-मासळीच्या खरेदीवर होतो. कंपनी गुंडाळली गेली आणि हातात शेवटचा हिशेब ठेवून मला निरोप मिळाला. नोकरी गेली की इकडे व्हिसाही तिच्या मागोमाग जातो. मुलगा शारजात दहावीला, बायको तिथल्याच एका शाळेत मराठी-हिंदी शिकवायची, आणि गावी परत जाऊन करायचं काय, तर माहीत नाही. माझं बालपण आटपाडीकडचं. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराच्या वासातच वाढलेला माणूस मी. शारजाच्या आतल्या भागातल्या धैदच्या पलीकडे एका अरबाचं शेत होतं, कुंपण होतं, विहीर होती. त्याच्याशी भागीदारी केली, परवाना घेतला आणि सगळी पुंजी घालून बाहेरून आलेली अडीचशे करडं विकत घेतली. बेत साधा होता. हिवाळाभर करडं वाढवायची आणि मार्चमध्ये मोठ्या गोठेवाल्यांना विकायची. ते पुढे त्यांना खाऊपिऊ घालून बकरी ईदपर्यंत गुबगुबीत करणार. तेवढा चारा घालायची ऐपत माझी नव्हती. मार्चमध्ये बरा भाव आला तर पुढचा जथा घेता येणार, धंदा चालणार, व्हिसा राहणार. भाव पडला तर शाळेचा दाखला काढायचा आणि बॅगा भरायच्या. मधला रस्ता नव्हता.

साडूभाऊ पहिल्यांदा शेतावर आले ते इस्त्रीच्या पँटीत आणि ऑफिसच्या बुटांत. माणूस बकरीला इतका भिऊ शकतो, हे मी प्रथमच पाहत होतो. एक करडू त्यांच्याकडे बघून नुसतं शिंकलं, तर ते गाडीत जाऊन बसले आणि पुढचं सगळं संभाषण काच चार बोटं खाली करून केलं.

"किती किलोची झाली की विकणार?"

"वीसेक किलोची."

"म्हणजे तू बकरी विकत नाहीस, किलो विकतोस. मार्चमध्ये किलोला काय भाव येईल?"

"आत्ता तीसच्या आसपास आहे. सातशे रुपये किलो. बातम्यांत तर म्हणतायत, या वर्षी चढणार."

"बातम्यांतला भाव बातम्यावाल्याला मिळतो. तुझ्या दारात काय भाव आहे?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. मोठ्या बाजारातला भाव आणि आपल्या फाटकाशी गिऱ्हाईक प्रत्यक्ष हातावर ठेवतं तो भाव, यांच्यात वाहतूक असते, वजनातली घट असते, दलाल असतो, नशीब असतं. "तो फरक ओळखला, की अर्धा धंदा कळला," असं म्हणून ते गेले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन. त्यांनी जगातल्या सगळ्या वायदेबाजारांत शोधलं होतं. गाईगुरांचे वायदे होतात, डुकरांचे होतात, मक्याचे, संत्र्याच्या रसाचेसुद्धा होतात, पण बकरीचा पुढच्या महिन्यांचा भाव आज बांधून देणारा बाजार पृथ्वीच्या पाठीवर नाही. ते मनापासून दुखावले होते. "एवढं जुनं जनावर रे," ते म्हणाले, "आणि कुणी काही केलं नाही त्याच्यासाठी!"

"मग आता?"

"मग आता माणूस शोधायचा. भाव पडेल म्हणून तू भितोस. भाव चढेल म्हणून भिणारा कुणीतरी असेलच ना? दोघा भित्र्यांची गाठ घालून दिली, की दोघेही झोपतात."

असा भित्रा सापडला. आमच्या शेतापासून थोड्या अंतरावर एका सोमाली हाजींचा मोठा गोठा होता. उंच, काटकुळे, मेंदीने लाल केलेली दाढी. ईदेच्या आधी दरवर्षी करडं महाग होतात आणि चारा घालून उरत काही नाही, ही त्यांची जुनी तक्रार. मी साडूभाऊंना घेऊन गेलो. खजूर झाले, कहवा झाला, तब्येती झाल्या. आणि मग हाजींनी खांद्यावरचा चौकड्यांचा मोठा रुमाल काढला, साडूभाऊंच्या उजव्या हातावर टाकला आणि स्वतःचा हात आत घातला. मला एकदम आटपाडीच्या बाजारात उभं राहिल्यासारखं झालं! आमच्याकडे दलाल अस्साच रुमालाखाली सौदा करतात. बोटं दाबून आकडा सांगायचा, बोटं दाबून उलटा आकडा द्यायचा. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांनाच कळतो. समुद्राच्या पलीकडचा हा माणूस आमच्याच शाळेत शिकलेला निघाला, याचा मला विलक्षण आनंद झाला.

साडूभाऊंना मी गाडीत सगळं शिकवून ठेवलं होतं. फक्त एक गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि बहुधा त्यांनाही नव्हती. त्यांना तळहाताला गुदगुल्या होत. हाजींनी पहिली बोटं दाबली आणि आयुष्यात बाजारभावापुढे कधी न हसलेले साडूभाऊ फिस्सकन हसले. हाजी चपापले. आपला भाव हास्यास्पद वाटला की काय, म्हणून त्यांनी एक दिरहॅम वाढवला. ती बोटं दाबताना गुदगुल्या आणखी झाल्या. साडूभाऊ डोळे मिटून, ओठ चावून, खांदे हलवत हसत होते. हाजींचा चेहरा पडत होता आणि भाव चढत होता. सत्तावीसला सुरू झालेला सौदा असा हसत हसत तीसला आला, हे मला मागून कळलं; त्या वेळी हाजींचा चेहरा बघून मीच साडूभाऊंच्या पायावर पाय दिला. नाही तर ते हसून हसून हाजींना भिकेला लावते. मग हाजींनी वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी विचारलं, साडूभाऊ तसंच कानाशी काहीतरी पुटपुटले, आणि बराच वेळ दोघांचे हात रुमालाखाली तसेच राहिले. साडूभाऊंचं हसू थांबलं होतं आणि ते हाजींकडे सरळ बघत होते. मला वाटलं, दम खातायत. शेवटी हाजींनी मान हलवली, रुमाल काढला आणि म्हणाले, "खलास."

ठरलं ते असं. मार्चमध्ये भाव काहीही असो, अर्धी करडं तीस दिरहॅम किलोने हाजींची. उरलेली अर्धी मोकळी. हाजींनी पुन्हापुन्हा विचारलं होतं, सगळी का नाही देत? साडूभाऊ आपलं नुस, नुस, म्हणत राहिले. नुस म्हणजे इकडच्या बोलीत अर्धा. तेव्हापासून हाजींच्या गोठ्यात त्यांचं नाव पडलं, अबू नुस. अर्ध्याचा बाप. परतताना गाडीत साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "बोलणी करताना मी हसतो. ते एक तंत्र आहे."

आणि मग त्यांनी मला छळायला सुरुवात केली. माझ्या करडांना भिणारा हा माणूस दर शुक्रवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटपून जुमेरा लेक टॉवर्सहून निघे, शारजाच्या त्या नरकासमान गर्दीत दीड-दोन तास काढी आणि धैदला येऊन गाडीच्या काचेतून करडं मोजू लागे. जानेवारीत थंडी वाढली आणि करडांना खोकला लागला. काही दगावली. तेव्हा तर ते काच पूर्ण खाली करू लागले, मग दार उघडू लागले आणि एके शुक्रवारी चक्क कुंपणाच्या आत उभे दिसले, दोन्ही हात डोक्यावर धरून, गुडघाभर करडांच्या मध्ये. एकाने त्यांच्या खिशातला रुमाल निम्मा खाल्ला होता. "राहू दे," ते म्हणाले, "निम्माच खाल्लाय. त्या कोपऱ्यातलं खोकतंय बघ. डॉक्टरला दाखवलंस?" रोज संध्याकाळी फोन. "आज किती जण खोकतायत? रात्री पडदे सोडलेस का? पाणी कोमट देतोस ना?" माझ्या मुलाला कांजिण्या झाल्या तेव्हा या माणसाने इतके फोन केले नव्हते. मी बायकोला म्हटलं, "तुझ्या भाऊजींना ऑफिसात काही काम उरलेलं दिसत नाही." ती म्हणाली, "अहो, जीव आहे त्यांचा आपल्यावर." मी म्हटलं, "जीव असेल, पण तो करडांवर आहे."

फेब्रुवारीच्या शेवटी भाव चढला. बत्तीस झाला, चौतीस झाला. अजमानचा एक व्यापारी शेतावर आला आणि छत्तीस दिरहॅम म्हणाला. पण त्याला सगळी करडं हवी होती. "पूरा माल दे, नहीं तो खलास." मी साडूभाऊंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तुमच्या अर्ध्या-बिर्ध्यापायी माझ्या हातातोंडाशी आलेला घास जातोय, लेखी कागद तर झालेला नाही, हाजींना दुसरी करडं बाजारात मिळतील, वगैरे. ते एवढंच म्हणाले, "मी येतो." शुक्रवार नव्हता. अर्धी रजा टाकून आले. माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि वरच्या पट्टीत न जाता म्हणाले, "भाव तुझ्या बाजूने गेला म्हणून आज तू सुटलास, तर उद्या त्याच्या बाजूने गेल्यावर तो सुटायला मोकळा. मग आपण बांधलं काय? नुसता रुमाल?" मग म्हणाले, "तुझी करडं आहेत. तुला विकायची तर वीक. मी अडवणार नाही." एवढं बोलून ते करडांकडे बघत बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. फेब्रुवारीत धैदला घाम येत नाही, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. आत चहा करत असलेली माझी बायको बाहेर येऊन म्हणाली, "शब्द दिलाय ना? मग झालं." अजमानवाला रिकाम्या हाताने गेला आणि मी दोन दिवस साडूभाऊंचा फोन घेतला नाही.

मार्च लागला आणि पाठोपाठ जनावरांची दोन मोठी जहाजं बंदराला लागली. आठवड्याभरात बाजार करडांनी भरून गेला. छत्तीसचे तीस झाले, तीसचे पंचवीस, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी माझ्या दारातला भाव वीस होता. मी फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. हाजी आले नसते तर त्यांना कुठल्या तोंडाने जाब विचारणार होतो? कागद नव्हता. दहा दिरहॅम स्वस्त माल त्यांना कुठेही मिळत होता. बायको शाळेत न जाता माझ्याबरोबर आली होती.

हाजींचा ट्रक आला. हाजी उतरले, काटा लावला, एकेक करडू तोललं आणि तीसच्या भावाने पैसे मोजून दिले. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "हाजी, मार्केट बीस पे है."

"मालूम," ते म्हणाले. "तीस बोला था, तीस देगा. तुम छत्तीस में नहीं भागा. मेरे को सब खबर है." मग दाढीवरून हात फिरवत हसले. "और भागता तो भी मेरे को टेन्शन नहीं था, सदीक, मेरे दोस्त. अबू नुस ने हाथ पूरा दिया था."

"मतलब?"

"रुमाल के नीचे. मैं कान में बोला, नया आदमी है, बकरी मर गया, भाग गया, दूसरे को बेच दिया, तो? वो बोला, जितना कम पडेगा, मैं मार्केट से लेके देगा. जो भी भाव हो. चालीस हो, पचास हो. मेरे तीस में."

मला समजायला थोडा वेळ लागला. आंब्याच्या दहा पेट्यांचा भाव जो माणूस पूर्ण उघडा ठेवत नव्हता, त्याने माझ्या सव्वाशे करडांसाठी स्वतःला पूर्ण उघडं टाकलं होतं. वर कितीही जाऊ शकेल अशा भावाखाली, तोंडातून चकार शब्द न काढता, तीन महिने. खोकला माझ्या करडांना होता आणि धाप त्यांना लागत होती. छत्तीसच्या दिवशी त्यांनी एवढं एक वाक्य टाकलं असतं तर मी जागच्या जागी गप्प झालो असतो. ते त्यांनी टाकलं नाही. वीक म्हणाले. अडवणार नाही म्हणाले.

मी तिथूनच फोन लावला. "साडूभाऊ, तुम्ही हाजींना पूर्ण हात दिला होतात?"

पलीकडून आधी एक उसासा आला. "रुमालाखालची गोष्ट रुमालाखाली राहते, असं तूच सांगितलं होतंस ना? हा हाजी कसला व्यापारी!" मग घाईने, "तुझ्या बायकोला सांगू नकोस हं. माझ्या बायकोला कळेल."

माझी बायको शेजारी उभी राहून ताईंना फोन लावतच होती. ताईंकडून मग उरलेलं कळलं. ते तीन महिने साडूभाऊंना झोप नव्हती. जेवण झालं की त्या टॉवरांच्या मधल्या तळ्याला फेऱ्या मारत. विचारलं तर ऑफिसचं टेन्शन म्हणत. ताईंना वाटलं, यांचीही नोकरी जाते की काय, आणि त्यांनी बिचारीने मंगळवार धरले होते.

त्या शुक्रवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. नीट काही बोलायचं ठरवून गेलो होतो, पण साडूभाऊंनी संधीच दिली नाही. मोकळी उरलेली करडं वीसने गेली याचाच त्यांना आनंद. "बघ! बांधलेलं अर्धं कसं हसलं! सरासरी पंचवीस पडली. संसार चालेल, व्हिसा राहील, पुढचा जथा येईल. आता मात्र चाऱ्याचाही भाव अर्धा बांधायचा." मी म्हटलं, "ते ठीक आहे. पण तुम्ही स्वतः कायम अर्ध्याचे. मग माझ्या वेळेला पूर्ण का?" साडूभाऊ चष्मा पुसू लागले. धाकटी मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, ती म्हणाली, "येस बाबा, टेल अस." त्यांनी चष्मा चढवला, पुन्हा काढला. म्हणाले, "अरे, त्याने हात धरला होता. हात काय अर्धा देता येतो?" आणि ताईंना म्हणाले, "जेवायला वाढ."

माझा मुलगा इथूनच बारावी झाला. शेतावर आता दोन गोठे आहेत आणि पडदे जानेवारीच्या आधीच लागतात. गेल्या वर्षी साडूभाऊ निवृत्त होऊन पुण्याला गेले. विमानतळावर सोडायला गेलो, तर दोन्ही तिकिटं एकाच विमानाची, एकाच दिवशी काढलेली. ताई मला दाखवून दाखवून हसत होत्या. साडूभाऊ म्हणाले, "परतीचं काढलेलं नाही. ते मोकळं आहे." ते अर्धं अजून मोकळंच आहे. मधे एकदा फळबाजारात गेलो, तर तो मलबारी दुकानातून बाहेर येऊन विचारत होता, "आपका वो जनवरीवाला साब किधर है? इस साल कोई रेट पूछने नहीं आया." मी पाच पेट्यांचा भाव ठरवून आलो. आमच्या घरात आंबा फारसा कुणी खात नाही.

परवा हाजींकडे जाऊन या वर्षीचा सौदा केला. रुमाल टाकला, बोटं दाबली. मला तळहाताला गुदगुल्या होत नाहीत, त्यामुळे भाव फारसा चढला नाही. हाजींनी विचारलं, "अबू नुस कैसा है?" दुपारी पुण्याला फोन लावला.

"साडूभाऊ, अर्धी बांधली."

"भाव?"

"एकतीस."

"जामीन कोण?"

"माझा मीच. हाजी म्हणाले, आता लागत नाही."

"छान," ते म्हणाले. "मग जेव आणि वामकुक्षी घे. फोन ठेवतो." आणि ठेवला. दोन मिनिटांत त्यांचाच परत आला. "करडांना खोकला नाही ना कुणाला?"

खोकला एकालाही नव्हता. पण मी म्हटलं, "एका दोघांना वाटतोय खरा." साडूभाऊंचा आवाज एकदम तरतरीत झाला. कोणत्या कोपऱ्यातली, पाणी कोमट आहे का, पडदे कुठवर सोडलेत, सगळं एकेक विचारू लागले, आणि मी खुर्ची सावलीत ओढून सावकाश एकेकाचं उत्तर देत बसलो.